अर्धी ओळखीची गाडी

आमच्या तोकमोकच्या गल्लीत ओमुर्झाक आक्यांचं फाटक आणि माझं फाटक समोरासमोर; आके म्हणजे आमच्याकडे मान द्यायचा थोरला माणूस. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं, देव तिला सुखात ठेवो. सकाळच्या खोकल्यावरून मी सांगते, आदल्या संध्याकाळी चहा झाला होता की दुसरं काही. लोक मला चुगलखोर म्हणतात. म्हणोत. नजर असणं हा गुन्हा असेल तर गल्लीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार ओमुर्झाक आके, मी नव्हे.

त्यांचे आजोबा सिन्ची होते. घोड्याकडे नुसतं बघून तो किती धावेल, कुठे बसेल, आधीच्या मालकानं त्याला मारलं होतं की लाडावलं होतं हे सांगणारा माणूस म्हणजे सिन्ची. आक्यांच्या वाट्याला घोडे आलेच नाहीत, गाड्या आल्या. जर्मनीच्या थकलेल्या, कोरियाच्या नटव्या, आणि जपानच्या, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या. मग त्यांनी गाड्या ओळखायला सुरुवात केली. तालुक्यात कुणालाही जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी आमच्या गल्लीत यायचा.

त्यांची रीतही घोड्यांच्या बाजारातलीच. लंगडा घोडा विकणारा काय करतो? गिऱ्हाईक यायच्या आत त्याला चार फेऱ्या मारून आणतो. अंग तापलं की लंगडणं लपतं. म्हणून आके बाजारात सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि प्रत्येक बॉनेटवर तळहात ठेवायचे. बॉनेट कोमट लागलं की पुढे.

"आके, अजून बघितलीसुद्धा नाहीत!" विकणारा ओरडायचा.

"तू पहाटेच उठून बघितलीस ना, तेवढं पुरे."

आणि कुणी छाती फुगवून "हिला आजपर्यंत पाना लागलेला नाही" असं म्हणाला तर आके तिथूनच मागे फिरत. म्हणत, ज्या गाडीची दुरुस्ती झालीच नाही तिची दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या नशिबात लिहिलेली असते. त्याउलट एखादा बापडा कबूल करायचा, की क्लच बदललाय, टर्बो उतरवून साफ केलाय, पुढचं दार ठोकून घेतलंय. त्याच्याजवळ आके उकिडवे बसायचे आणि विचारत राहायचे. कोणी बदलला? का बदलला? बदलल्यावर कोण चालवत होतं? किती चालली हे मात्र शेवटी. "आकडा मागे फिरवता येतो," ते म्हणायचे, "चालवणाऱ्याचा हात मागे फिरवता येत नाही."

कधीकधी मात्र ते असं काही बोलायचे की हातातला सम्सा, भट्टीतला मांसाचा समोसा, थंड व्हायचा. एकदा एका पांढऱ्या गाडीचं मागचं दार त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "या दाराला टेकून कोणीतरी बाई पुष्कळ रडली आहे." मी खो खो हसले. म्हटलं, "आके, दार आहे का उशी?" विकणारा हसला नाही. त्यानं गाडीला कुलूप लावलं, आज विकायची नाही म्हणाला आणि निघून गेला. पुन्हा तो आमच्या बाजारात दिसला नाही.

त्यांचा एकुलता मुलगा एर्मेक. त्याला वेगाचं वेड. चंदेरी रंगाची, बुटकी, दोन दारांची जपानी स्पोर्ट्स कार त्यानं आणली, अर्थात बापानं पास केल्यावरच. आके तिच्याखाली अर्धा दिवस झोपून होते. बाहेर आले ते ग्रीसनं माखलेले, आणि म्हणाले, "घे." एक खोड होती तिला, डिकीतला जॅक खडखडायचा. आक्यांनी आजोबांच्या मेलेल्या घोडीच्या लगामाचं चामडं त्याला गुंडाळून वर धनगरी गाठ मारून दिली. खडखड थांबली.

त्याच गाडीत एर्मेक बोमच्या घाटात गेला. ट्रकला ओव्हरटेक करताना समोरून गाडी आली. तो एकटाच होता.

इथे एक सांगते. आमचा रस्ता उजव्या कडेचा आणि या गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडे. पुढे ट्रक असला की चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही, दिसतं ते डावीकडे बसलेल्याला. म्हणून आमच्याकडे ओव्हरटेक दोघांनी मिळून करायचा असतो. चालवणारा विचारतो, "मोकळा?" डावीकडचा मान बाहेर काढून सांगतो, "मोकळा." बायकोवर विश्वास आहे की नाही हे इथे घाटात कळतं. त्या दिवशी एर्मेकनं बापाला म्हटलं होतं, चला सोबत, तळ्यावर मासे घेऊन येऊ. आके कुणाची तरी गाडी बघायला बाजारात गेले होते.

गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, सिन्चीचा हात चुकला, गाडीतच खोट होती. दुसरा म्हणे, डावी जागा रिकामी होती, गाडी काय करणार. दोन्ही पक्ष आक्यांच्या घरी येऊन दुखवट्याचा चहा पिऊन गेले. त्याच दिवसांत भंगारवाले चुरगळलेली गाडी उचलून घेऊन गेले. आके ओसरीवर बसून बघत होते. माझ्या सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, दावं ठेवलं नाही त्यानं!" जनावर विकताना आम्ही दावं, लगाम घरी ठेवून घेतो. दाव्यासकट दिलं तर घराचं भाग्य जनावराच्या मागे चालत जातं. सासूबाई तर म्हणायच्या, जनावरही सुटत नाही, मान वळवून फाटकाकडे बघत राहतं. पण लोखंडाच्या ढिगातून दावं मागायचं तरी कसं? गाडी तशीच गेली.

त्यानंतर आक्यांनी बाजार सोडला. कोंबड्या पाळल्या. कुणी गाडीबद्दल विचारायला आलं तर अंडी देऊन परत पाठवायचे. मला मात्र दिसायचं, गल्लीतून गाडी गेली की त्यांचा तळहात मांडीवर आपोआप पसरायचा, बॉनेटवर ठेवल्यासारखा. ती गाडी चांगली होती की वाईट, एवढंच त्या माणसाला जन्मात जाणून घ्यायचं राहिलं होतं, आणि ती गाडी तर चिमटीएवढे तुकडे होऊन गेली होती.

आता माझ्या कार्ट्याकडे येते. सिर्गाक. मॉस्कोत विटा वाहून आला, कंबर धरली, आणि आल्या आल्या काय म्हणतो? "आई, स्पोर्ट्स कार घेणार."

"आपली व्हॅन काय वाईट आहे? तिच्यात मेंढी बसते, आत्या बसते, आत्याचं बोचकं बसतं."

"म्हणूनच."

बाजाराच्या टोकाला तालगात नावाच्या पोराकडे त्याला एक लाल गाडी आवडली होती. मी सम्शांचं ताट घेऊन समोरच्या फाटकात उभी राहिले. "आके, पोरगं मरायला निघालंय. निदान बरी गाडी बघून द्या." जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. आक्यांनी ताट घेऊन ओसरीवर ठेवलं. मग टोपी घातली.

तालगातच्या तोंडाला वंगण फार. "एकच मालक हो! जपानी म्हातारी. देवळात जायची आणि घरी यायची."

"टर्बो लावून?" मी म्हटलं.

"देव लांब असेल, एजे," तो म्हणाला. थोरल्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात.

दुरुस्त्यांचं पुस्तकही होतं, जपानीत. त्यात इंजिनाची माहिती होती की भात शिजवायची रीत, आम्हा कोणालाच कळणार नव्हतं. आक्यांनी ते हातातही घेतलं नाही. बॉनेटवर तळहात ठेवला. गार. इंजिन सुरू करवलं, कान देऊन ऐकलं, धूर हुंगला. लाल रंगावरून बोटं फिरवत मागे मागे आले आणि दाराच्या मागच्या कडेशी थांबले.

"दोन आहेत," ते म्हणाले.

"काय दोन?" सिर्गाक.

"गाड्या. कंबरेत जोडलेल्या. पुढची वेगळी, मागची वेगळी."

तालगातनं लगेच हात जोडले. "आके, इथे कोणती गाडी सबंध आहे? कापून आणतात, इथे जोडतात, सगळा गाव तशाच गाड्यांत फिरतो. वेल्डिंग बघा, लग्नातल्या केकसारखं आहे."

आके खाली झोपले, जोड बघितला, कुरकुर न करता बाहेर आले. "जोड बरा आहे," म्हणाले. आणि डिकी उघडली.

मी त्यांच्या शेजारीच होते, म्हणून सांगू शकते. डिकीच्या कोनाड्यात जॅक होता आणि जॅकला काळपट चामडं गुंडाळलेलं होतं. त्यावर धनगरी गाठ. आक्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. बाजारात ऊन होतं, कलिंगडवाला ओरडत होता, पोरं धूळ उडवत होती, आणि आम्ही दोघं त्या गाठीकडे बघत होतो.

"आके," मी म्हटलं, "तसली गाठ सगळेच मारतात."

"डावखुरे थोडेच," ते म्हणाले. आके डावखुरे होते.

त्यांनी डिकीच्या कडेचा लाल रंग नखानं खरवडला. खालून चंदेरी निघाला.

सिर्गाकला सगळं सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. "आके, चला घरी. मला नको ही."

तेव्हा त्या माणसानं, ज्यानं गल्लीत कधी मीठसुद्धा मागितलं नाही, माझ्या पोराचा हात धरला. "मला एकदा घाटापर्यंत ने. तिथल्या चढावर ही काय करते ते मला बघायचंय. मग घे, नको घे."

मी म्हटलं, मुलगा जाणार तर मीही जाणार. तालगातला तारण म्हणून आमची व्हॅन दिली. तो कुरकुरला, पण चाव्या दिल्या.

स्पोर्ट्स कारची मागची सीट माणसांसाठी नसतेच, ती पर्ससाठी असते. मी कशी आत गेले ते विचारू नका. गुडघे कानाशी. सिर्गाक उजवीकडे स्टिअरिंगवर, आके डावीकडे, आणि मी मागे. निघताना मला जाणवलं, ते दोघं एका गाडीत बसलेत आणि मी दुसऱ्या. माझी सीट एर्मेकच्या गाडीतली होती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

गाडी चालली मात्र फार सुरेख. आके डोळे मिटून ऐकत होते. "मागची चाकं बरोबर चालतात," पुटपुटले. थोड्या वेळानं, "मागचे ब्रेकही." दर वेळी त्यांच्या मानेवरची एकेक शीर सैल होताना मला मागून दिसत होती.

घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले, नदीचा आवाज वाढला. मी बडबडत होते, भीती वाटली की मला तेच सुचतं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या लग्नात घोड्याचं मांस कमी पडलं. बोलता बोलता शेजारी नजर गेली आणि मी गप्प झाले.

शेजारच्या सीटचा बेल्ट खिट्टीत अडकवलेला होता. आता असा कोणीतरी अडकवून ठेवतो, ठीक. पण तो सीटला चिकटलेला नव्हता. ताणलेला होता. मधे हवा, आणि बेल्ट त्या हवेवरून आडवा, कोणी पुढे झुकून दोन सीटांच्या मधून रस्ता बघत असावं तसा. वळणावर गाडी कलली की तोही थोडा कलायचा आणि परत सरळ व्हायचा. मी बोट पुढे केलं. लावायचं धाडस झालं नाही. तिथली हवा उबदार होती.

पुढे कोळशाचा ट्रक लागला. रांगत होता, काळा धूर सोडत होता. मी रस्ता ओळखला. कडेला लोखंडी कुंपणात एर्मेकच्या नावाचा दगड आहे, तो पुढच्या वळणाच्या अलीकडेच. आक्यांनीही ओळखला असणार. सिर्गाक धुरानं खोकला, त्यानं गिअर बदलला आणि सवयीनं विचारलं, "मोकळा?"

आक्यांनी काच खाली केली, मान बाहेर काढली. नीट बघितलं, मी शपथेवर सांगते, घाईनं नाही. "मोकळा."

गाडी उसळली.

"थांब."

एकच शब्द. मोठा नाही, कानाशी सांगावा तसा, दोन सीटांच्या मधून. सिर्गाकनं ब्रेक दाबला, गाडी ट्रकच्या मागे परत घुसली, आणि त्याच क्षणी वळणाच्या खडकाआडून प्रवाशांची मोठी बस निघाली आणि हॉर्न वाजवत आमच्या काचेला वारा देऊन गेली.

सिर्गाकनं गाडी कडेला घेतली.  "आई," तो म्हणाला, "तू ओरडलीस म्हणून वाचलो."

मी मागून मान हलवली, मी नाही.  आके समोर बघत होते, मागे वळले नाहीत.

"तुझी आई ओरडली नाही," ते हळू म्हणाले. "काल्बुबूच्या तोंडून एकच शब्द कधी निघालाय का?"

 नदी वाहत होती. शेजारचा बेल्ट सावकाश मागे सरकला आणि सीटला टेकला.

आके उतरले, दगडापाशी गेले, उकिडवे बसले. बाजारात विकणाऱ्याजवळ बसायचे तसे. तळवे उघडून प्रार्थना केली, तोंडावरून हात फिरवला. मी मागे जाऊन उभी राहिले, पायात गोळे आले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "इतकी वर्षं मला वाटायचं, गाडी वाईट होती. नाहीतर मी शेजारी नव्हतो म्हणून झालं. गाडी चांगली आहे. आणि मी शेजारी असतो तरी मोकळाच म्हणालो असतो. आत्ता म्हणालोच ना?"

"हो, आके," मी म्हटलं. 

"खडकाआडचं दिसत नाही इथून. त्याला दिसतं आता."

परत येताना सिर्गाकनं कुठलीच गाडी ओलांडली नाही. सायकलवाला पुढे होता तर सायकलवाल्याच्या मागे. बाजारात तालगात आमच्या व्हॅनला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. "काय मग, केक कसा आहे?"

आके डिकीपाशी गेले. डाव्या हातानं गाठ सोडली आणि चामडं जॅकवरून उलगडून घेतलं. तालगात म्हणाला, "ते काय, जुनं चामडं? घ्या, फुकट."

"दावं आहे," आके म्हणाले. "ठेवायचं राहिलं होतं."

मग सिर्गाककडे वळले. गिऱ्हाईक निकालाची वाट बघतं तसा माझा पोरगा उभा होता.

"गाडी चांगली आहे," आके म्हणाले. "घेऊ नकोस."

"चांगली आहे ना?"

"मागचा अर्धा मी ओळखतो. त्याची दुरुस्ती माझ्या हातची, त्याचा माणूस माझ्या घरचा. पुढचा अर्धा कोणाचा, तो कोणाला घेऊन कुठे थांबला, ते कोणी सांगत नाही." त्यांनी लाल बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "मागचा बोलला. पुढचा सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. न बोलणाऱ्यापासून लांब राहा."

तालगात मोठ्यानं हसला. "आके, गाड्या कधी बोलतात होय?" हसता हसता तोही एक पाऊल बॉनेटपासून बाजूला सरकला, ते मी बघितलं.

ती लाल गाडी काही दिवस बाजाराच्या टोकाला उभी होती, मग कुणीतरी नेली. कोणी ते विचारायला मी गेले नाही. माझ्यासारखी बाई गेली नाही म्हणजे समजा.

आके आता पुन्हा बाजारात जातात. कोंबड्या माझ्या गळ्यात पडल्यात, त्यांची अंडी मी त्यांनाच विकते. सिर्गाक व्हॅनच चालवतो, तोकमोक ते तळं, माणसं, मेंढ्या, बोचकी. आक्यांनी ते चामडं घरी खुंटीला टांगायला हवं होतं, रीत तशी. पण आमची व्हॅनही उजव्या स्टिअरिंगची, त्यांनी ते तिच्या डाव्या सीटच्या पाठीला बांधलंय, डावखुरी गाठ मारून, आणि कुठे लांब जायचं असेल तर ते त्या सीटवर बसतात.

घाटात ट्रक पुढे आला की सिर्गाक विचारतो, "मोकळा?"

आके मान बाहेर काढून बघतात. सांगत काही नाहीत. मान आत घेतात आणि थोडं मागे वळून थांबतात.

मी मागे असते. शेजारची जागा मी कोणाला देत नाही, आत्याला नाही, तिच्या बोचक्यालाही नाही. आणि तेवढा वेळ, गल्लीत कोणाला पटणार नाही, पण माझं तोंड बंद असतं.